एक वर्ग, एक कुंडी

दर वर्षी जुलैत आपल्या शाळेत नवी रोपे येतात. कुंड्यांना गेरू लागतो, वर्गांपुढे गुलाब, शेवंती, जास्वंद मांडली जातात, फोटो निघतात. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा कुंड्या असतात, गेरूही असतो. रोपे मात्र वाळून गेलेली असतात. यंदा जूनमध्ये व्हरांड्यातल्या अर्ध्याहून अधिक कुंड्या आम्हाला रिकाम्या दिसल्या. दोष माळीदादांचा नाही. इंदूरच्या मे महिन्यात एकट्या माणसाने किती कुंड्यांना रोज पाणी घालावे?

म्हणून आमची सूचना अशी, की यंदा गुलाबांऐवजी प्रत्येक वर्गाने एकच कुंडी घ्यावी आणि तीत मांसल पानांचे, पाणी साठवून ठेवणारे झाड लावावे. कोरफड, पानफुटी, जेड किंवा उभ्या पट्टेदार पानांचे स्नेक प्लांट, यांपैकी कोणतेही चालेल. निवडुंग आणि शेर मात्र वर्गात नकोत. एकाला काटे, तर दुसऱ्याचा चीक डोळ्यांना घातक.

ही झाडे दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडतात. त्यामुळे उन्हात त्यांचे पाणी उडून जात नाही. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड पानात आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा वापरला जातो. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारनंतर ती चव जाते, हे बेंजामिन हाइन यांनी भारतात राहूनच टिपले होते. त्यांचे ते पत्र १८१५ साली प्रसिद्ध झाले. (विद्यार्थी मित्रांनो, चव घेऊन पाहू नका, ही पाने खाण्याची नव्हेत.) शब-ए-मालवाचा गारवा आपल्याइतकाच या झाडांनाही मानवतो म्हणायचा!

काही पालक म्हणतील, ज्या झाडाला रोज पाणी लागत नाही, त्यापासून मुले सेवा काय शिकणार? शंका रास्त आहे. पण आमचा अनुभव उलटा आहे. ही झाडे उपेक्षेने क्वचित मरतात; मरतात ती अतिप्रेमाने. मधल्या सुट्टीत पाच जण पाच बाटल्या ओततात आणि पंधरा दिवसांत मुळे कुजतात. तेव्हा आधी बोट मातीत दोन पेरे घालून पाहायचे, ओल लागली तर हात आवरायचा, ही शिस्त मुलांना लागेल. पाणी घालण्याआधी पाहणे, हीसुद्धा सेवाच आहे.

कृती सोपी आहे. कुंडीला तळाशी भोक हवेच. निम्मी माती, निम्मी जाडी वाळू आणि मूठभर शेणखत पुरे. जागा खिडकीजवळ, भरपूर उजेडाची. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत त्याहून कमी पाणी. पावसाळ्यात कुंडी वळचणीबाहेर ठेवू नये. सुट्टी लागताना एकदा भरपूर पाणी घालून कुंडी सावलीत ठेवावी. मग माळीदादांनी पंधरवड्यातून एकदा पाहिले तरी भागेल.

विश्वस्त मंडळास विनंती, की यात नवा खर्च नाही. रिकाम्या कुंड्या आहेतच. ज्यांच्या घरी कोरफड आहे, त्यांनी तिच्या बुंध्याशी फुटलेले एक पिल्लू द्यावे. पानफुटीचे तर एक पान ओल्या मातीवर ठेवले की त्याच्या कडेला रोपे फुटतात. जेडची फांदी मात्र तीन-चार दिवस सावलीत सुकवून मगच लावावी.

ही झाडे वर्गातली हवा शुद्ध करतात, असे आम्ही सांगणार नाही. चार पानांनी तेवढे होत नाही. आमची अपेक्षा साधी आहे. दहावीचा वर्ग निरोप घेताना आपली कुंडी नववीच्या हाती जिवंत सोपवील, आणि सोबत दोन पिल्ले पाचवीसाठी देईल. पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा व्हरांड्यातून फिरणार आहोत.