बाळाचे वजन, आईची मजुरी

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या विशेष कक्षाला आग लागली. त्या वेळी कक्षात सतरा अर्भके होती. सात वाचली, दहा दगावली. देश हळहळला, मंत्र्यांचे ताफे येऊन गेले, मदतीचे आकडे जाहीर झाले, चौकशी समिती बसली, काही कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. आग कशाने लागली, धूर वेळीच कोणाच्या लक्षात का आला नाही, इमारतीची अग्निसुरक्षा तपासली होती की नाही, हे प्रश्न विचारले गेले आणि ते विचारणे अवश्यच होते. मात्र एक प्रश्न तेव्हा मागे राहिला आणि आजही तो मागेच आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका रात्री एवढी अर्भके काचेच्या पेटीत ठेवावी लागतात, ती का?

अशा कक्षात कोणती मुले येतात हे कोणतीही परिचारिका सांगेल. अपुऱ्या दिवसांची, अडीच किलोपेक्षा कमी भरलेली, जन्मताच श्वास कोंडलेली, जंतुसंसर्ग झालेली. यांपैकी मोठा भाग कमी वजनाच्या मुलांचा असतो, आणि बाळाचे वजन कमी भरण्याची सुरुवात रुग्णालयात होत नाही. ती गावात, शेतात आणि चुलीपाशी होते, कित्येकदा आईच्या स्वतःच्या बालपणात झालेली असते. आगीची चौकशी होऊ शकते. या दुसऱ्या, संथ आगीची चौकशी करण्याची प्रथा आपल्या राज्यव्यवस्थेत नाही.

भंडाऱ्याहून नागपूरच्या वाटेला लागले की महामार्गावर शहापूर येते. गाव काही आडरानात नाही. डांबरी सडक आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जवाहरनगरचा दारुगोळा कारखाना याच परिसरात आहे. 'कुपोषण' म्हटले की वर्तमानपत्रे वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे मेळघाटचे डोंगर उभे राहतात. १९९३ साली धारणी आणि चिखलदऱ्यातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला जो धक्का दिला त्याचा हा परिणाम आहे, आणि त्याची एक वाईट बाजूही आहे. कुपोषण म्हणजे दूरच्या आदिवासी पाड्यांवरची आपत्ती, अशी सोयीस्कर समजूत त्यातून रुजली. वस्तुतः ज्या गावातून दिवसरात्र मालमोटारी धावतात आणि जेथे मोबाइलला खणखणीत रेंज मिळते, अशा गावांतही मूल वयाच्या मानाने बुटके आणि उंचीच्या मानाने रोड राहू शकते. त्याच्याकडे पाहून कोणाला धक्का बसत नाही, कारण शेजारची मुलेही तशीच असतात.

आकडे पाहावेत. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के खुरटलेली, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के रोडावलेली आहेत. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीशी हे आकडे ताडून पाहिले तर जवळजवळ काहीच हललेले नाही. तीव्र रोडावलेल्या मुलांचे प्रमाण उलट ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. रोडावलेल्या मुलांची देशाची सरासरी १९.३ टक्के आहे. उद्योगात पहिला क्रमांक सांगणारे हे राज्य मुलांच्या अंगावरील मांसाच्या बाबतीत देशाच्या मागे आहे. याच पाहणीत राज्यातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पूर्वीचा आकडा ४८ होता. ज्या राज्यात आयांचे रक्त कमी होत चालले आहे, त्या राज्यात मुलांचे वजन वाढेल ही अपेक्षा कोणत्या शास्त्राच्या आधारे करायची?

भंडाऱ्यात हे कसे घडते, याचे उत्तर धानाच्या बांधीत आहे. आषाढ-श्रावणात रोवणी सुरू होते. घरातले जुने धान तोवर सरलेले असते आणि नवे यायला दिवाळी उजाडते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत कणगी रिकामी असते, त्याच दोन महिन्यांत वर्षातले सर्वांत कंबरमोड काम असते. पोटरीभर चिखलात, पाठीवर पाऊस झेलत, दिवसभर वाकून पऱ्हे लावायचे. हे काम जवळपास सर्वस्वी बायकांचे. सातव्या महिन्याची गरोदर बाई त्यात असते आणि तीन महिन्यांचे मूल घरी ठेवून आलेली बाळंतीणही असते. रोवणी ठेक्याने असली तर जोडीतल्या बाया थांबत नाहीत आणि त्यांनाही थांबणे परवडत नाही. पाण्याचे आजार, हिवताप आणि जुलाब यांचाही हाच मोसम.

हे केवळ अनुमान नव्हे. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९० च्या दशकात के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. रंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. गरोदरपणाआधी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि त्यांची बाळे सरासरी २.७ किलोच्या आतबाहेर भरत. त्याच अभ्यासात दोन गोष्टी निघाल्या. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात अधिक वेळा होते त्यांची बाळे मोठी होती. आणि ज्या स्त्रियांना शेतातले व घरातले अंगमेहनतीचे काम अधिक पडत होते, त्यांची बाळे लहान होती. आईच्या श्रमाचा हिशेब बाळाच्या वजनातून वसूल होतो, ही गोष्ट महाराष्ट्राच्याच मातीत मोजून दाखविली गेली आहे. आफ्रिकेतील गांबिया या देशात भूकमारीच्या पावसाळी महिन्यांत गरोदर स्त्रियांना रोज पूरक खाणे दिल्यावर बाळांचे वजन सरासरी २०० ग्रॅमने वाढल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. तेथेही बायाच भातशेती करतात.

सरकारी बैठकांतून मात्र एक आवडते स्पष्टीकरण ऐकू येते : आयांचे अज्ञान. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. पहिला चीक पाजण्यास होणारा उशीर, सहा महिने उलटूनही नुसत्या वरच्या पेजेवर ठेवलेले मूल, पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांनी मारलेली भूक, या गोष्टी खऱ्या आहेत आणि समजावून सांगण्याने त्यांत फरक पडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी घरोघर नवजात बालकांची काळजी घेऊन नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटवून दाखविला, तो १९९९ साली जगापुढे आला. गावच्या बाईला शहाणपण शिकविता येते, आणि ती ते डॉक्टरांइतक्याच जबाबदारीने वापरते. पण सात महिन्यांच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा मऊ भात, डाळ, तेल घालून भरवावे हे ज्या आईला ठाऊक आहे, तिने ते कधी भरवायचे? ती सकाळी सातला बांधीवर जाते आणि दिवे लागताना परतते. मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या काखेत असते. बहिणीची शाळा बुडते ती बुडतेच, आणि दहा वर्षांनी तीच अशक्त मुलगी आई होते. राज्यात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात जवळपास बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, हेही त्याच पाहणीतले आहे.

१९९६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कोडे मांडले. भारतीय उपखंड आफ्रिकेहून कमी दरिद्री असूनही येथील मुले अधिक कुपोषित कशी? त्यांचे उत्तर स्त्रीच्या स्थानापाशी येऊन थांबले होते. २०१५ मध्ये डायान कॉफी यांनी त्याला आकड्यांची जोड दिली : गर्भ राहण्याच्या वेळी भारतातील सुमारे ४२ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या होत्या, सहाराखालील आफ्रिकेत हे प्रमाण १६ ते १७ टक्के होते. म्हणजे दारिद्र्याच्या वर आणखी एक ओझे आहे, आणि ते घराच्या आतले आहे. सर्वांचे झाल्यावर जी जेवते ती सून. भाजी संपली तर तिची संपते. पुरोगामी चळवळींनी मजुरीच्या प्रश्नावर रान उठविले. पण त्या मोर्चातून परतलेला कार्यकर्ताही घरी ताटावर आधी बसतो आणि वाढणारी शेवटी बसते, याकडे चळवळीचे लक्ष क्वचितच गेले. याला वर्गलढ्याच्या बाहेरची बाब म्हणून टाळणे आता शोभणारे नाही.

असे असले तरी राज्यसंस्थेची जबाबदारी त्यामुळे हलकी होत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. वगळल्या त्या फक्त सरकारी नोकरीतील वा अन्य कायद्याने तोच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया. चार वर्षे तो कागदावर राहिला. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची आणि पहिल्याच अपत्यापुरती. २०२२ मध्ये दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० अशी पुस्ती जोडली गेली. कायदा म्हणतो प्रत्येक माता, योजना म्हणते पहिलटकरीण. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर त्या बाळंतिणीची भूक सरकारच्या लेखी उरत नाही. त्याच २०१७ साली संघटित क्षेत्रातील स्त्रीची पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. ते योग्यच झाले. आता शहापूरच्या शेतमजूर बाईच्या २६ आठवड्यांचा हिशेब करावा. दिवसाची मजुरी अवघी २०० रुपये धरली आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तरी ३१,२०० रुपये होतात. तिच्या हाती पाच किंवा सहा हजार, तेही आधार, बँक आणि अर्जांच्या चाळणीतून गळून उरले तर. तामिळनाडूने ही मदत २०१८ मध्ये १८,००० रुपयांवर नेली. महाराष्ट्राची तिजोरी तामिळनाडूहून दुबळी आहे, असे कोणी म्हणणार नाही.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अर्धशतक उलटले. अंगणवाडी ही या देशातील गरीब मुलासाठी उभी राहिलेली सर्वांत व्यापक संस्था आहे आणि तिला अत्यंत हीन वागणूक मिळाली आहे. २०१७ साली केंद्राने पूरक आहाराचा दर ठरविला तो बालकामागे दिवसाला ८ रुपये, गरोदर-स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये. त्यानंतर डाळ आणि तेलाचे भाव कोठे गेले हे बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते. तरीही महिला मंडळांच्या बुरख्याआडून बडे पुरवठादार शिरत राहिले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राची निविदा त्याच न्यायालयाला रद्द करावी लागली. सेविका-मदतनीसांना कर्मचारी म्हणायला सरकार तयार नाही. त्या मानधनावरच्या 'स्वयंसेविका'. २०२३ च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या आणि पन्नासहून अधिक दिवस राहिल्या. त्यांच्या हाती आता मोबाइल दिला आहे आणि २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा यंत्राने ओळखण्याची अट आली आहे. चेहरा उतरलेला का, हे ओळखणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

या जिल्ह्याला अन्नाची नैसर्गिक वाण नाही, हे विशेष. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांकडे आणि मग शासनाकडे गेलेले शेकडो तलाव येथे आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांतील बारीक मासळी, काठावरचा रानभाजीचा पाला, धान कापल्यावर ओलाव्यावर येणारी लाखोळी, हा गरिबाचा आहार होता. तलाव गाळाने भरले. पाण्यात ठेक्याचे मोठे मासे आले आणि ते बाजाराला गेले. ढीवरांच्या पोरांच्या ताटात नुसता भात उरला. आदिवासी भागांत २०१५ पासून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. अंडे, डाळ, भाजी, भाकरी असे ते जेवण असते आणि बाई ते अंगणवाडीत बसून स्वतः जेवते, घरच्या वाटणीत ते विरघळत नाही. हीच योजना बिगर-आदिवासी गावांतील शेतमजूर स्त्रीला का नसावी? पुडक्यातल्या कोरड्या पिठापेक्षा तिचे मोल कितीतरी अधिक आहे. पण जे सरकार २०२५ च्या आरंभी शाळेच्या भोजनातील अंड्याचा खर्च आपल्या अंगावरून झटकते, ते हे आपखुशीने करील, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

१९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर पराभूत झाले आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. जिल्ह्याच्या राजकीय आठवणीत ती निवडणूक अजून आहे. १९७२ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल, रवा आणि साखर हा राजकारणाचा विषय झाला. बांधीवरच्या बाईचे बाळंतपण तसा विषय अजून झालेला नाही.

काम गावपातळीवर सुरू होऊ शकते. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली की सांभाळणारी बाई नेमावी, हे २००५ च्या केंद्रीय कायद्याने लिहून ठेवले होते आणि कामावर ती बाई क्वचितच दिसली. रोवणीच्या दोन महिन्यांत तर पाळणाघर कोठेच नसते. छत्तीसगडमध्ये, भंडाऱ्याच्या पलीकडच्याच मुलखात, 'फुलवारी' नावाने गावच्या आयांनीच चालविलेली अशी केंद्रे उभी राहिली; तेथे तीन वर्षांखालच्या मुलांना दिवसभर सांभाळून तीन वेळा भरविले जाते. शहापूर परिसरातील ग्रामसभांनी मृगाच्या आधी असा ठराव करावा, जागा व दोन बायांचा मेहनताना ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या राखीव निधीतून मागावा, आणि गावात त्या मोसमात किती बाया गरोदर आहेत, किती जणींच्या कडेला सहा ते अठरा महिन्यांचे मूल आहे, याची यादी सेविकेच्या मदतीने कार्यकर्त्यांनी स्वतः तयार करावी. मातृवंदनेचे किती अर्ज कोणत्या कारणाने अडले, हेही त्याच वहीत लिहावे. ती वही घेऊन शंभर बाया भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेवर गेल्या, तर निदान जिल्ह्याच्या महिला व बालकल्याण समितीला आपल्या बैठकीचा विषय बदलावा लागेल.