धन्याचा माल आणि गरिबाचा जीव

आमचे शेतकरी व कारागीर बांधव आज आपलीं मुलें शहरांत नोकरीला धाडतात. चार एकरांचें शेत सहा माणसांचें पोट भरीत नाहीं. सुताराची वाकस आणि कुंभाराचें चाक यांवर घर चालत नाहीं. मग कोणी पेट्रोल पंपावर उभा राहतो, कोणी एस. टी. त वाहक होतो, कोणी गोदामाच्या दाराशीं बारा-बारा तास पहारा करतो. पोरगा घर सोडतो तेव्हां आई सांगते, “बाबा, इमानानें चाकरी कर.” बाप सांगतो, “कोणाच्या भानगडींत पडूं नकोस.” हे दोन्ही उपदेश चांगले, पण एके दिवशीं त्यांची एकमेकांशीं गांठ पडते. रात्रीं दोन वाजतां गोदामाचें कुलूप फुटतें, चालत्या गाडींत एखाद्या पोरीवर कोणी हात टाकतो, रस्त्यावर माणूस रक्तांत पडलेला दिसतो. त्या घटकेला त्या पोरानें काय करावें? आईचें ऐकावें कीं बापाचें? प्रश्न घरोघरचा आहे, म्हणून त्यावर आज आम्ही स्पष्ट लिहिणार आहों.

पूर्वीच्या गांवगाड्यांत या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. राखणीचें काम रामोशी-जागल्याचें. चोरी झाली कीं त्यानें चोराचा माग काढावयाचा आणि तो शेजारच्या गांवच्या शिवेला नेऊन भिडवावयाचा. माग शिवेपलीकडे गेला तर जबाबदारी त्या गांवावर; आपल्याच शिवारांत जिरला तर भरपाई राखणदाराच्या डोक्यावर. या कामाबद्दल त्याला गांवाकडून हक्क मिळत. ही व्यवस्था न्यायाची होती असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. जोखीम एका जातीच्या माथीं आणि सुखाची झोंप दुसऱ्यांची, हा कसला न्याय? पण एक गोष्ट त्यांत उघड होती. जबाबदारी आणि तिचा मोबदला एका दोरीला बांधलेले होते. आजचा धनी जबाबदारी तेवढी हातीं ठेवतो आणि दोरी कापून टाकतो.

कशी तें पहा. समजा, तुमचा थोरला मुलगा एका ठेकेदाराच्या हाताखालीं गोदामावर पहारेकरी आहे. चोर आले, तो त्यांच्या अंगावर धांवून गेला आणि हात मोडून घेतला. ठेकेदार म्हणतो, “तुला शहाणपणा करायला कोणीं सांगितलें होतें?” मोडक्या हाताचा माणूस त्याला नको असतो, दुसऱ्या दिवशीं दुसरा उभा. आतां उलट समजा. पोरगा बाजूला झाला आणि माल गेला. तोच ठेकेदार म्हणतो, “तुला पगार कशाचा देतों?” आणि महिन्याच्या पगारांतून मालाची किंमत कापून घेतो. आगींतून निघाला तर फुफाट्यांत! धांवला तरी मूर्ख, थांबला तरी चोर.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, धन्याच्या मालासाठीं नौकरानें जीव देऊं नये. मालाचा विमा असतो. गेलेला माल पुन्हा येतो. तुमच्या पोराचा जीव कोणत्या वखारींत मिळतो? तो पगार घेतो तो आपल्या कामाच्या तासांचा. प्राणाचें खरेदीखत त्यानें लिहून दिलेलें नाहीं. कोणी विचारील, मग इमान कोठें राहिलें? आम्ही म्हणतों, इमान डोळ्यांत, जिभेंत आणि पायांत आहे. दिवे लावावे, भोंगा वाजवावा, आरडाओरडा करावा, ११२ वर फोन करावा, चोर किती, कोणत्या बाजूस गेले, गाडीचा नंबर काय, हें ध्यानांत ठेवावें आणि पोलिसांस खरें सांगावें. एवढें ज्यानें केलें त्यानें चाकरी पुरी बजावली.

आणि पगार कापण्याची धमकी कोणी दिली तर हें लक्षांत असूं द्या. १९३६ च्या पगार वांटपाच्या कायद्यापासून नियम असा आहे कीं, नौकराच्या ताब्यांत दिलेला माल त्याच्या हयगयीमुळें गेला असेल तरच कापणी करतां येते. तीहि नुकसानीपेक्षां जास्त नाहीं, आणि त्याला आपली बाजू मांडूं दिल्याशिवाय मुळींच नाहीं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेंतहि हा नियम कायम आहे. चार सशस्त्र चोरांपुढें एकट्यानें बाजूला होणें याला हयगय म्हणत नाहींत. ठेकेदार तुमच्या अज्ञानावर जगतो. तें अज्ञान त्याला फुकट देऊं नका.

परंतु मालाची गोष्ट निराळी आणि माणसाची निराळी. समोर माणूस मरत असतां “हें माझें काम नव्हे” असें म्हणून पाठ फिरविणारा नौकर आम्हांस पसंत नाहीं, मग त्याच्या धन्याचा हुकूम कांहींहि असो. मात्र मदत म्हणजे अंगावर धांवून जाणें एवढेंच नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला, तेव्हां तेथला उद्घोषक आपली खुर्ची सोडून पळाला नाहीं. ध्वनिक्षेपकावरून तो उतारूंना सांगत राहिला कीं इकडे येऊं नका, मागच्या बाजूनें बाहेर पडा. त्याच रात्रीं कामा रुग्णालयांतील एका परिचारिकेनें दारें लावून घेतलीं आणि आपल्या वॉर्डांतील वीस गरोदर बायांना एका लहानशा खोलींत नेऊन बसविलें. दोघांच्याहि हातीं शस्त्र नव्हतें. त्यांनीं आपलें रोजचेंच काम केलें. पण इतर पळत होते त्या वेळीं केलें. किती माणसें त्यांच्यामुळें घरीं पोंचलीं!

त्याच रात्रीं गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनीं अतिरेक्याच्या बंदुकीची नळी छातीशीं धरून ठेवली, गोळ्या झेलल्या, आणि त्यामुळेंच तो जिवंत सांपडला. साताऱ्याकडच्या जावळी तालुक्यांतील केडंबे गांवचा हा सुपुत्र. सरकारनें २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलें, आणि तें योग्यच झालें. पोलिसाचें कर्तव्य वेगळें. संकटाच्या तोंडीं जाणें हाच त्याचा पत्कर. पण समोर मशीनगनसारखी बंदूक असतां आमच्या शूराच्या हातीं नुसती काठी कां होती? चक्र देणारांनीं या प्रश्नाचें उत्तरहि दिलें पाहिजे. शौर्याची आरती ओवाळून हत्याराचा हिशेब चुकवितां येत नाहीं.

१७ एप्रिल २०२१ रोजीं मध्य रेल्वेच्या वांगणी स्थानकावर एका अंध मातेचें लेकरूं रुळांवर पडलें आणि समोरून गाडी धडधडत आली. तेथला पॉइंट्समन रुळांवरून धांवत गेला, लेकराला फलाटावर ढकललें आणि स्वतः क्षणाच्या अंतरानें वर आला. बक्षीस मिळालें पन्नास हजार. त्यांतील निम्मे त्यानें त्या मायलेकरांना देऊं केले. आम्ही त्याला हात जोडतों. तो आंधळेपणानें धांवला नाहीं. रूळ, गाडी आणि अंतर हा त्याचा रोजचा धंदा होता. त्याच्या पायांना हिशेब ठाऊक होता. ज्याला तो हिशेब ठाऊक नाहीं त्यानें उडी घेतली तर आईला एकाऐवजीं दोघांसाठीं रडावें लागेल.

हा मुद्दा आमच्या खेड्यांतील घरांनीं काळजांत कोरून ठेवावा. एप्रिल २०२४ मध्यें नेवासें तालुक्यांतील वाकडी गांवीं शेणाच्या रबडीनें भरलेल्या एका पडक्या विहिरींत मांजर पडलें. त्याला काढायला एक उतरला, तो बेशुद्ध झाला. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्यासाठीं तिसरा. पांच माणसें गेलीं. जो कमरेला दोर बांधून उतरला होता त्याला ओढून काढलें आणि तो वांचला. माया थोडी नव्हती, दोर कमी पडला. अशा खड्ड्यांतील विषारी वायूला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायु जास्त असला म्हणजे नाकच बधिर होतें आणि वास कळेनासा होतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी युक्तीहि तेथें करूं नये, कारण शेणाचा वायु पेट घेतो. सालगड्याला “उतर रे” म्हणणाऱ्या मालकानें आणि ऐकणाऱ्या गड्यानें दोघांनींहि हें ध्यानांत ठेवावें. शहरांतल्या गटारांची कथा तीच. २०१३ च्या कायद्यानें धोक्याच्या सफाईसाठीं माणसाला गटारांत उतरविण्यास बंदी केली. सर्वोच्च न्यायालयानें मृताच्या वारसास २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख रुपये देण्याचा हुकूम केला. तरीहि ठेकेदार माणूस उतरवितो, आणि त्याला काढायला त्याचा सोबती उतरतो. दोघेहि गरिबाचेच. ठेकेदार कधीं उतरल्याचें कोणी ऐकलें आहे काय?

आतां दुसरी एक बाजू. मदतीच्या उत्साहांत हात उगारण्याची घाई करूं नका. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाड्यांत मुलें पळविणारे आले अशा खोट्या अफवेवरून जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना ठेंचून मारलें. मारणारे गरीब, मेलेले त्याहून गरीब. मॉलच्या दारांतला आमचा पोरगाहि फाटक्या कपड्याच्या माणसालाच आधीं अडवितो, गाडींतून उतरणाऱ्याला सलाम ठोकतो. १८७१ च्या कायद्यानें जमातींच्या जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. कायदा गेला, नजर गेली नाहीं. ती नजर आपल्या पोरांनीं पगारासाठीं उसनी घेऊं नये. कायदा सामान्य माणसालाहि गुन्हेगार धरण्याचा हक्क देतो. पण गुन्हा गंभीर व बिनजामिनाचा असावा, तो आपल्या डोळ्यांदेखत घडलेला असावा, आणि धरलेल्या माणसाला उशीर न करतां, फार तर सहा तासांच्या आंत, पोलिसांच्या हवालीं करावें, असें २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचें ४० वें कलम सांगतें. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठीं हात उचलण्याचा हक्कहि आहे, पण जरूर तेवढाच. धरलेल्याला झोडपण्याचा हक्क कोणालाच नाहीं.

रस्त्यावरच्या अपघाताविषयीं तर भीतीचें कांहीं कारणच उरलेलें नाहीं. “उचलला तर पोलिस मलाच धरतील” ही समजूत आमच्या गाडीवाल्या बांधवांत अजून आहे. मदत करणाराला त्रास देऊं नये असे नियम सर्वोच्च न्यायालयानें २०१६ साली सर्वांवर बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम घालून त्याला संरक्षण दिलें. नांव सांगण्याचीहि त्याला सक्ति नाहीं. १०८ ला फोन करा, रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ फडका दाबून धरा, गर्दी हटवा. गाडी अर्धा तास उशिरां पोंचली म्हणून दंड करणाऱ्या मालकाचें नांव मात्र चारचौघांत अवश्य घ्या.

आतां धन्यांना आणि सरकारला दोन शब्द. १९४८ च्या राज्य विमा कायद्यांत ५१-ड हें कलम होतें. कामाच्या जागेवर संकट ओढवलें असतां माणसें वांचवितांना वा मोठें नुकसान टाळतांना कामगाराला इजा झाली, तर ती कामावरच झाली असें त्यानें मानलें होतें. त्या कायद्याची जागा आतां २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. कायदा जुना असो कीं नवा, हें तत्त्व शहाणपणाचें आहे; पण तें विमा असलेल्या कारखान्याच्या फाटकापाशीं थांबतां कामा नये. तें सालगड्याला, ऊस तोडणाऱ्याला, ठेक्यावरच्या पहारेकऱ्याला, घरोघर डबा पोंचविणाऱ्या पोराला, सर्वांना लागू झालें पाहिजे. पहारेकऱ्याला शिक्षण देण्याचें बंधन २००५ च्या कायद्यानें एजन्सीवर घातलें आहे; शिट्टी आणि टोपी दिली म्हणजे शिक्षण झालें असें नव्हे. आग कशी विझवावी, वीज लागलेल्याला हात लावण्याआधीं प्रवाह कसा बंद करावा, थांबलेलें हृदय छाती दाबून कसें चालूं ठेवावें, हें प्रत्येक नौकराला पगारी वेळांत शिकविलें पाहिजे. जो धनी शिकवीत नाहीं, दोर देत नाहीं, विमा भरीत नाहीं, त्याला नौकराकडून शौर्य मागण्याचा अधिकार काय?

तेव्हां आईबापांनो, पोराला निरोप देतांना दोन्ही उपदेश एकत्र करून असा सांगा: “बाबा, धन्याचा माल राख, पण जिवाच्या मोलानें नको. माणूस संकटांत दिसला तर पाठ फिरवूं नकोस. आधीं ओरड, फोन कर, दोर बांध, मग उतर. ज्याचा गुन्हा पाहिला नाहींस त्याच्यावर हात टाकूं नकोस. आणि तुझ्या जखमेचा हिशेब धन्याकडून मागायला लाजूं नकोस.” एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे पोरगा इमानीहि राहील आणि दिवाळीला घरींहि येईल.