तिच्या तीन महिन्यांची जबाबदारी कोणाची?



एखाद्या बाईला घेऊन आपण जिल्हा रुग्णालयात जातो, तेव्हा तिला तपासणारी तरुण डॉक्टर पुष्कळदा तिथली नसते. ती दुसऱ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजातून तीन महिन्यांसाठी आलेली असते. २०२० मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे नियम बदलले. एम.डी., एम.एस. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सहामाहीत तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी आरोग्यसेवेत काम करायचे, हे सक्तीचे झाले. ते समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

ही योजना चांगली आहे, हे मी आधीच सांगते. मोठ्या शहरातल्या वॉर्डात जे दिसत नाही, ते जिल्ह्याच्या गावी दिसते. बाळंतपणाला उशिरा पोचलेली बाई दिसते, अंगात रक्त नसलेली दिसते, ‘पडले’ असे सांगणारी पण पडलेली नसलेली बाईही दिसते. अशा वेळी समोर बाई डॉक्टर असली, तर पेशंट दोन शब्द जास्त बोलते. हिंसाचाराच्या प्रकरणात वैद्यकीय तपासणी कशी होते, यावर पुढचा सगळा खटला अवलंबून असतो, हे आपण कार्यकर्त्या अनुभवाने जाणतो. म्हणून या मुली तिथे यायला हव्यात, टिकायला हव्यात आणि काही शिकून परत जायला हव्यात.

दुसऱ्या संस्थेच्या रुग्णालयात शिकायला मिळणे हा स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणातला फार जुना प्रश्न आहे. लंडनमध्ये १८७४ साली स्त्रियांसाठी मेडिकल स्कूल निघाले, पण विद्यार्थिनींना वॉर्डात घ्यायला एकही मोठे रुग्णालय तयार होईना. पुस्तके होती, शिक्षक होते, पण पेशंट नव्हते. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने दार उघडले, तेव्हा कुठे त्या शिक्षणाला अर्थ आला. आपल्या डॉ. रखमाबाई याच शाळेत शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन पुढे सुरतेच्या रुग्णालयात रुजू झाल्या. त्या काळी दार बंद होते. आज ते उघडले आहे, पण आत गेल्यावर ही मुलगी कोणाची, याचे उत्तर कोणी देत नाही.

महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजे वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, तर बहुतेक जिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाखाली. विद्यार्थिनीचे विद्यावेतन या काळातही तिचे मूळ कॉलेज देते. रोजचे काम, हजेरी आणि शेवटचे प्रमाणपत्र मात्र जिल्ह्याच्या हाती असते. खाजगी कॉलेजची विद्यार्थिनी असेल तर अंतर आणखी वाढते. पाठवताना यादी निघते, पत्र निघते, रुजू होण्याची तारीख ठरते. राहायची खोली कोणती, तिला आतून कडी आहे का, रात्रपाळी संपल्यावर वॉर्डापासून खोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे, हे मात्र मुलीने तिथे पोचल्यावर स्वतःच शोधून काढायचे.

समाजकार्याच्या कामात अशा मुलींशी माझे बोलणे होते. त्यांच्या तक्रारी सुरुवातीला साध्याच वाटतात: ड्युटीच्या खोलीत पुरुष कर्मचारीही झोपतात, बाथरूमसाठी दुसऱ्या मजल्यावर जावे लागते, कोणीतरी सारखे फोन करते. ‘तक्रार का केली नाहीस?’ असे विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘ताई, तीन महिनेच काढायचे आहेत. शिवाय सही त्यांचीच लागते.’ एका मुलीने धीर करून तोंड उघडले. तेव्हा रुग्णालयाने सांगितले, ती आमची कर्मचारी नाही. कॉलेजने सांगितले, घटना आमच्या आवारातली नाही.

हे दोन्ही जबाब कायद्यात बसत नाहीत. २०१३ च्या कायद्याने कर्मचारी या शब्दात शिकाऊ व्यक्तीलाही धरले आहे. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत रुग्णालयाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कामानिमित्त जिथे जावे लागते ती जागाही त्यात येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी ‘आवार’ हा शब्द संस्थेबाहेरच्या इंटर्नशिप आणि अल्पकालीन प्रशिक्षणाच्या जागेपर्यंत नेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्वाळा दिला, की त्रास देणारा दुसऱ्या कार्यालयातला असला तरी स्त्रीला स्वतःच्या कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, आणि त्याच्या कार्यालयाने चौकशीला सहकार्य केले पाहिजे.

यातली एक मेख मात्र लक्षात ठेवा. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी, असे कायदा सांगतो. जिल्ह्यातला मुक्कामही तीन महिन्यांचाच. पहिल्या आठवड्यात काही घडले आणि मुलगी सही मिळेपर्यंत गप्प राहिली, तर परत जाईपर्यंत मुदत संपत आलेली असते. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिने मुदत वाढवता येते, पण हे त्या मुलीला कोणी सांगितलेले नसते.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती तर स्वतःच्याच रुग्णालयात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या तरुण महिला डॉक्टरने आत्महत्या केली. तिने वरिष्ठांकडे आधी लेखी तक्रार केली होती, असे बातम्यांतून पुढे आले. अशा घटनांनंतर पालक आणि अधिकारी एकाच सुरात म्हणू लागतात, ‘मुलींना लांब पाठवू नका, जवळचे ठिकाण द्या, रात्रपाळी देऊ नका.’

पालकांची भीती खोटी नाही, पण या उपायाला आपण ठाम विरोध केला पाहिजे. रात्रपाळी न केलेली स्त्रीरोगतज्ज्ञ रात्रीचे अडलेले बाळंतपण कुठे शिकणार? मुलींना शहराजवळ ठेवले, तर आडगावच्या बाईसाठी बाई डॉक्टर कुठून येणार? मुलीला घरी बसवून सुरक्षित ठेवायचे हा उपाय आपल्या आज्यांनीही सोसला आहे. भंवरीदेवीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला, तो ती गावोगावच्या बालविवाहांविरुद्ध काम करत होती म्हणून. चळवळीने तेव्हा ‘साथिनींना गावात पाठवू नका’ असे म्हटले नाही. मालकाची जबाबदारी काय, असा प्रश्न विचारला, आणि त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला.

तोच प्रश्न आज इथे विचारायचा आहे. विद्यार्थिनीला पाठवण्यापूर्वी दोन्ही संस्थांमध्ये लेखी करार हवा. राहायची जागा कोणती आणि ती कोणी पाहून आले, हे त्यात असावे. रात्रीच्या प्रवासाची सोय, ड्युटीवरच्या स्त्रियांसाठी कडी लागणारी स्वतंत्र खोली आणि स्वच्छतागृह असावे. दोन्हीकडच्या अंतर्गत समित्यांची नावे आणि फोन रुजू होण्याच्या पत्रातच छापलेले असावेत. आणि तक्रार झाली तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या हातात प्रमाणपत्राची सही राहणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. एकेका ओळीची जबाबदारी घेणारा माणूस लागतो.

आपल्या संघटनांना इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. अंतर्गत समितीत बाहेरची एक सदस्य असावी लागते, ती आपल्यातूनच जाते. पुढच्या बैठकीत तिने एवढे विचारावे, की बाहेरून आलेल्या किती विद्यार्थिनी सध्या इथे आहेत, आणि त्यांना आपल्याबद्दल सांगितले आहे का? गावातल्या गटांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटावे. समितीचा फलक कुठे लावला आहे, ते पाहावे. नव्या तुकडीच्या मुलींना एकदा चहाला बोलवावे. परक्या गावात हाक मारायला एक घर आहे, एवढे कळले तरी तीन महिने नुसते काढायचे म्हणून काढावे लागत नाहीत.

तुमच्या जिल्ह्यात काय दिसले, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ती पत्रे छापू, आणि ती घेऊन दोन्ही विभागांच्या दारात जाऊ.