अंगावर आहे हेच विसरून जाल!

होल्स्टर विकणाऱ्यांचा एक लाडका दावा आहे: आमचा माल इतका हलका, इतका पातळ, की कमरेला पिस्तूल आहे हे तुम्ही विसरूनच जाल. गिऱ्हाईक हे वाचून हुरळतं. मला कापरं भरतं. भरलेलं पिस्तूल जवळ आहे हे विसरलेला माणूस मला शेजारी नको. किराण्याच्या रांगेत नको आणि गणपतीच्या आरतीत तर मुळीच नको.

आणि माणसं विसरतातच. 2023 साली अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या तपासणीत 6,737 बंदुका निघाल्या, त्यांतल्या सुमारे 93 टक्के भरलेल्या. आमच्या डॅलस-फोर्ट वर्थचा त्यात देशात दुसरा नंबर. पकडल्या गेलेल्याचं ठरलेलं उत्तर असतं, बॅगेत आहे हे लक्षातच नव्हतं. 2015 मध्ये तर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये खुद्द तिथल्या पोलिसांनी आपली पिस्तुलं स्वच्छतागृहांत विसरल्याची प्रकरणं बाहेर आली. त्यांतलं एक सभापतींच्या दालनातल्या स्वच्छतागृहात एका लहान मुलाला सापडलं. पगारी, प्रशिक्षित माणसांची ही तऱ्हा. आपण मात्र विसरण्याची सोय पैसे मोजून विकत घेणार!

टेक्सासात राहायचं तर हा विषय टाळता येत नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून इथे 21 वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. देशातल्या 29 राज्यांत आता हीच मोकळीक आहे. उघड दिसेल असं पिस्तूल बाळगायचं तर ते होल्स्टरमध्ये असावं, एवढीच इथल्या कायद्याची अट. 2016 पासून तिथे ‘खांद्याच्या किंवा पट्ट्याच्या होल्स्टरमध्ये’ असं होतं. 2021 मध्ये खांदा आणि पट्टा दोन्ही गाळले, नुसतं होल्स्टर उरलं. कायदासुद्धा मिनिमलिस्ट झाला म्हणायचं.

आपली मंडळी यात जरा उशिरा शिरतात. एच-1बी व्हिसावर असेपर्यंत संघराज्याचा कायदा शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवू देत नाही. ग्रीन कार्ड हाती पडलं की मग काहींना घर, टेस्ला आणि पिस्तूल अशा क्रमाने स्वातंत्र्य सुचतं. मी रेंजवर नवशिक्यांच्या वर्गाला मदत करते, म्हणून ही माणसं माझ्याकडे येतात. ‘ताई, एखादं मिनिमलिस्ट होल्स्टर सुचवा ना.’ पिस्तुलावर सहाशे डॉलर घालवलेले असतात. दुर्बीण, दिवा, रंगीत मूठ, सगळं झालेलं असतं. होल्स्टरसाठी वीस डॉलर शिल्लक. मी विचारते, मिनिमलिस्ट म्हणजे नेमकं काय कमी हवंय? उत्तर येतं: जाडी, वजन, टोचणं, किंमत. ते झाकतं काय, हे आजवर एकानेही आपणहून विचारलेलं नाही.

मग मलाच सांगावं लागतं. 1982 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारलं आणि तेव्हापासून त्याच धर्तीच्या पिस्तुलांनी बाजार व्यापला. त्यांना बाहेर अंगठ्याने लावायचा वेगळा खटका बहुधा नसतो. सुरक्षेची सोय चापातच असते. चापाच्या मधोमध एक पातळ पातं असतं, ते दाबलं गेलं की चाप मागे जाऊ शकतो, आणि साधारण अडीच किलोचा जोर पडला की गोळी सुटते. हे यंत्र उत्तम आहे, पण त्याला बोट आणि सदऱ्याचं टोक यांतला फरक कळत नाही. जाकिटाच्या दोरीला असते ती प्लास्टिकची गोळी चापाच्या कडीत अडकली आणि वरून पिस्तूल खाली रेटलं, तर त्याच्या लेखी कुणीतरी चाप ओढलेलाच असतो. कंबरेच्या पुढच्या बाजूला खोचलेलं असेल तर नळीसमोर काय काय येतं ते सांगायला मला लाज वाटत नाही: जांघ, मांडीची मोठी धमनी आणि पुरुषांच्या बाबतीत आणखीही काही.

यावर एक शहाणा मला जुन्या ‘वाइल्ड वेस्ट’मधल्या वायट अर्पचा दाखला देतो. टूमस्टोन गावातल्या 1881 च्या गाजलेल्या चकमकीत अर्पचं पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होतं, हे त्याने स्वतःच साक्षीत सांगितलंय. खरं आहे. पण तेव्हाच्या त्या रिव्हॉल्व्हरचा मागचा घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने चढवावा लागायचा, त्याशिवाय चाप ओढून काही होत नसे. तुमच्या कमरेचं यंत्र निराळं आहे. आणि त्या गावात तेव्हा हत्यार घेऊन हिंडायला बंदी होती, हे हा शहाणा सोयीने गाळतो.

विसाव्या शतकातल्या यंत्राला जुनी सवय लावली की काय होतं ते प्लॅक्सिको बरेसला विचारा. सुपर बोल जिंकून देणारा फुटबॉलपटू. नोव्हेंबर 2008 मध्ये मॅनहॅटनच्या एका नाइटक्लबमध्ये त्याने होल्स्टरशिवाय कमरेला खोचलेलं ग्लॉक घसरलं, पायाकडे निघालं. त्याने ते धरायला हात घातला, बोट नको तिथे गेलं आणि गोळी स्वतःच्याच मांडीत. वर बेकायदा शस्त्राबद्दल दोन वर्षांची शिक्षा. 2018 मध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये ड्युटीवर नसलेल्या एफबीआयच्या माणसाने नाचता नाचता उलटी कोलांटी मारली. पिस्तूल जमिनीवर पडलं, त्याने घाईने उचललं आणि गोळी दुसऱ्याच्याच पायात गेली. याच्याकडे होल्स्टर होतं. त्या होल्स्टरने पिस्तूल धरून ठेवलं नाही, एवढंच.

तेव्हा होल्स्टरकडून माझी मागणी तोकडी आहे. चापाभोवतीची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकायची, आणि तीही बोटाने दाबली तरी न दबणाऱ्या कडक वस्तूने. पिस्तूल धरून ठेवायचं. पट्ट्यावरून हलायचं नाही. आणि पिस्तूल बाहेर काढल्यावर तोंड उघडं राहायचं. बाकी काय छाटायचं ते खुशाल छाटा! चामड्याचं अस्तर नको, दुसरी क्लिप नको, मागची रुंद पाठ नको. एवढ्यापुरती मीही मिनिमलिस्ट आहे. कायडेक्स नावाचं प्लास्टिक 1965 मध्ये रोम अँड हास कंपनीने विमानांच्या आतल्या सजावटीसाठी काढलं. तापवून साच्यावर दाबलं की हवा तो आकार घेतं आणि घामाने मऊ पडत नाही. त्याचं एका क्लिपचं साधं कवच बहुतेकांना पुरतं.

बाजारात मात्र मिनिमलिस्ट या नावाखाली काय काय खपतं! सगळ्यात वाईट म्हणजे पिस्तुलाच्या अंगालाच स्क्रूने बसवायची क्लिप. होल्स्टरच नाही, पेन अडकवावं तसं पिस्तूल विजारीला अडकवायचं, चाप उघडा. हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकाच बाकावर बसवून पुन्हा पहिल्या तासापासून शिकवायला हवं. दुसरा प्रकार कापडी म्यानाचा. पिस्तूल आत असेपर्यंत ठीक. बाहेर आलं की तोंड मिटतं, मग परत घालताना माणूस नळीनेच ते उघडू बघतो. जुनं, मऊ पडलेलं चामडंही तसंच: काठ दुमडतो, कडीत शिरतो आणि बोटाचं काम करतो. ‘आजोबांच्या वेळचं आहे’ म्हणून कौतुकाने वापरणाऱ्यांनी हे ऐकावं.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मला आदर आहे, म्हणून रागही जास्त. फक्त कडीवर घट्ट बसणारं प्लास्टिकचं टोपण, त्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक पट्ट्याला. पिस्तूल उपसलं की दोरी ताणते आणि टोपण निघून पडतं. याहून कमी वस्तूत चाप झाकता येणार नाही. पण परत ठेवताना पिस्तूल अंगापासून दूर, सुरक्षित दिशेला धरून आधी टोपण बसवायचं आणि मगच सगळं कमरेला खोचायचं, ही त्याची अट आहे. सूचनापत्रकात ती लिहिलेली असते. लोक सूचनापत्रक खोक्याबरोबर फेकतात आणि दुसऱ्या दिवसापासून उघडं पिस्तूल विजारीत सारतात, दोरी नुसती लोंबत.

यातला विनोद असा की ज्या लपवण्यासाठी हा खटाटोप, तेही नीट होत नाही. नळी कधीच दिसत नसते, ती विजारीच्या आत असते. सदऱ्यातून उठून दिसते ती मूठ. तिला आत वळवायला पुढच्या बाजूच्या होल्स्टरला एक चिमुकली प्लास्टिकची जीभ असते, तिला क्लॉ म्हणतात. ती पट्ट्याला आतून रेटते आणि मूठ पोटाकडे वळते. खाली होल्स्टर थोडं लांब असेल तर पिस्तूल डोक्याच्या भाराने बाहेर कलंडत नाही. मिनिमलिस्ट गिऱ्हाईक नेमकी हीच जीभ काढून टाकतं, सगळ्यात आखूड माप घेतं आणि मग तक्रार करतं की मूठ दिसते. वर पट्टा ऑफिसचा, मऊ, दोन बोटांत वाकणारा. त्याला कुठलंही होल्स्टर लावलं तरी ते लोळणारच.

बायकांचा प्रश्न वेगळा आणि बाजार त्याहून निर्लज्ज. आमच्या कपड्यांना पट्टा नाही, खिसा नाही, म्हणून पर्समध्ये ठेवा, असं गुलाबी रंगात सांगितलं जातं. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहोतल्या एका वॉलमार्टमध्ये एका आईची पर्स ट्रॉलीत होती, शेजारी दोन वर्षांचा मुलगा. पर्सला पिस्तुलासाठी खास कप्पा होता. मुलाने चेन उघडली आणि आई जागीच गेली. पर्स खाली ठेवली जाते, खुर्चीला टांगली जाते, मैत्रिणीकडे सोपवली जाते. साडी नेसल्यावर पिस्तूल कुठे ठेवू, असं मला एका वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, घरी, कुलपात. त्यांना ते फार मागासलेलं वाटलं.

घरीसुद्धा नियम बदलत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये जुहूला अभिनेता गोविंदाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर पहाटे कपाटात ठेवताना सुटलं आणि गोळी त्याच्याच पायात लागली, हे सगळ्यांनी वाचलं. हसणारे खूप हसले. त्यांतल्या किती जणांचं पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात चार्जरच्या वायरींबरोबर पडलेलं असतं ते मला ठाऊक आहे.

होल्स्टर आणलंत की आधी पिस्तूल रिकामं करा. मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. मग पिस्तूल आत घालून ते गादीवर उलटं धरून हलवा. पडलं तर परत करा. बाहेरून चापाच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. आत काही हललं तर परतही करू नका, कापून कचऱ्यात टाका, म्हणजे पुढच्याला विकलं जाणार नाही. एका हाताने पिस्तूल परत आत जातं का पाहा. बुटाची नाडी बांधा, खाली मांडी घालून बसा. टोचेल. टोचू दे.

परवा एकाने यावर शेवटचा प्रश्न काढला. मिरवणुकीत लेझीम खेळायचंय, तेवढा वेळ चालेल असं एखादं पातळ होल्स्टर आहे का? आहे की! ते लोखंडी असतं, भिंतीला बोल्टने बसवतात आणि त्याला आकड्यांचं कुलूप असतं.