उतरता येत नसेल तर परत वर

आमच्या महाळुंगे पडवळमध्ये उसाची ट्रॉली रिव्हर्स लावणं ही चारचौघांतली परीक्षा असते. एका दमात लागली तर ठीक. ट्रॅक्टर पुढे काढून पुन्हा मागे घेतला, की पारावरून कोणीतरी बोलणारच, "अजून शिकतोय वाटतं!" मीही बोललोय. भाची विमान शिकायला लागल्यापासून तोंड आवरतो.

मागल्या वर्षी तिचं लँडिंग फसलं. विमान जोरात आपटून उसळलं. घाबरून तिनं नाक खाली दाबलं आणि पुढचं चाक आधी टेकलं. छोट्या विमानाचा भार पंखांखालच्या दोन चाकांनी घ्यायचा असतो, पुढचं नाजूक. ते मुडपलं, प्रोपेलर जमिनीला घासला. तिला खरचटलंही नाही.

उसळल्यावर काय करायचं ते तिला तोंडपाठ होतं. इंजिनाला पूर्ण ताकद द्यायची, वर जायचं, चक्कर मारून पुन्हा यायचं. त्याला 'गो-अराउंड' म्हणतात. "मग गेली का नाहीस?" मी विचारलं.

"मामा, आधीच दोनदा गेले होते. तिसऱ्यांदा रेडिओवर सांगायची लाज वाटली. शिवाय प्रत्येक चक्कर मीटरवर."

व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि पैसे तासावर लागतात. बहिणीनं कर्ज काढलंय. गो-अराउंडची चक्करही त्याच तासांत धरतात, पैसे वाया जात नाहीत, हे तिला पटवायला मला महिना लागला.

२५ जुलै २०२२ ला इंदापूरच्या कडबनवाडीत शिकाऊ वैमानिकाचं विमान शेतात कोसळलं, तेव्हा आमच्या पारावर चर्चा एकच, "पोरगी चालवत होती." इंजिनाची ताकद गेली होती, हे कोणी वाचलंच नाही. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच एकाचं पुढचं चाक निखळलं. दरवेळी शिकणाऱ्याकडे बोट दाखवून आपण मोकळे. यंत्राची तपासणी हवीच. पण शिकवणाऱ्यांनी आणखी एक करावं. उतरणं सोडून वर गेलेल्या पोराला सगळ्यांदेखत शाबासकी द्यावी.

आमचं गाव हुतात्मा बाबू गेनूंचं. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढून ते हटले नाहीत. मागे न हटण्याचं कौतुक आमच्याकडे शाळेपासून, आणि ते रास्तच आहे. पण धावपट्टी म्हणजे काळबादेवी नव्हे.

परवा भाचीचा फोन आला. आडवा वारा होता, दोनदा वर गेले, तिसऱ्यांदा उतरले म्हणाली. मी काही बोलणार तोच बहिणीनं फोन ओढून घेतला. "म्हणजे तेवढेच तास वाढले की गं!"