शेकडा, पण कशावर?



बाजारात माल घातला की पट्टीवर टक्के. कर्ज काढले की व्याजाचे टक्के. पीक बुडाले की पंचनाम्यात टक्के. वर्षभर घाम गाळून पिकवलेला पैसा शेवटी या टक्क्यांच्या चाळणीतून गळत गळत आपल्या हाती येतो. आपण मात्र कागदाच्या तळाचा आकडा तेवढा पाहतो, सही नाहीतर अंगठा करतो आणि गाडी धरतो. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, ते इथेच.

टक्का हे काही मोठे गणित नव्हे. शंभरातला एक भाग म्हणजे एक टक्का. जुनी माणसे त्यालाच शेकडा म्हणतात. १८,४५० रुपयांचे दहा टक्के काढायचे, तर शेवटचा एक आकडा सोडा : १,८४५ रुपये. एक टक्का काढायचा, तर दोन आकडे सोडा : १८४ रुपये ५० पैसे. पाच टक्के म्हणजे दहाचे निम्मे, ९२२ रुपये ५० पैसे. तीन टक्के म्हणजे एकाची तिप्पट, ५५३ रुपये ५० पैसे. पावकी-निमकी तोंडपाठ असणाऱ्या वाडवडिलांच्या नातवंडांना हे जड जाऊ नये.

अडते ते गणितात नाही, न विचारलेल्या प्रश्नात. टक्का कशावर? आणि किती मुदतीचा? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याही टक्क्याला मान डोलवू नका.

आधी व्याजाचे पाहू. सावकार म्हणतो, "फक्त शेकडा तीन." पीककर्जाचा दर सात टक्के. सातापेक्षा तीन कमी, असे वाटते ना? पण सावकाराचे तीन दरमहा, आणि पीककर्जाचे सात दरसाल. वीस हजारांवर सावकाराचे महिन्याला ६०० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०० रुपये होतात. हा दर झाला छत्तीस टक्के! पीककर्जाचे तेवढ्याच रकमेवर वर्षाला १,४०० रुपये. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर परवानाधारक सावकाराने तारण असेल तर वर्षाला ९ आणि तारण नसेल तर १२ टक्क्यांच्या वर व्याज घेऊ नये, असे सरकारने त्याच वर्षी ठरवून दिले. त्यापेक्षा जास्त मागितले तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.

आता मालाचा ओलावा. सोयाबीनला सर्वसाधारणपणे १२ टक्के ओलावा चालतो. तुमच्या मालात १५ निघाला, तर किती कापावे? शंभर किलोत १५ किलो पाणी, म्हणजे सुका माल ८५ किलो. बारा टक्के ओलाव्याच्या शंभर किलोत सुका माल असतो ८८ किलो. ८५ ला ८८ ने भागून शंभराने गुणा. उत्तर येते सुमारे ९६ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे न्यायाची कपात ३ किलो ४०० ग्रॅम. "पंधरातून बारा गेले, तीनच कापा," म्हणणारा शेतकरी इथे थोडा चुकतो हे खरे. पण सरसकट दहा किलो कडता कापणारा फार लुबाडतो. भाव ४,००० रुपये धरला, तर क्विंटलमागे १३६ रुपयांच्या जागी ४०० रुपये गेले. वीस क्विंटलला ५,२८० रुपये जास्तीचे गेले. बियाणाचा खर्च भागावा, एवढी ही रक्कम!

भावाच्या बातम्यांचेही तसेच. कांदा दोन हजारांवरून पन्नास टक्के पडला, एक हजारावर आला. पुढच्या आठवड्यात पन्नास टक्के वाढला. मग भाव पूर्ववत झाला का? नाही, तो दीड हजारच झाला. पडताना टक्का दोन हजारांवर होता, वाढताना एक हजारावर. 'पन्नास टक्क्यांनी तेजी' वाचून माल बाहेर काढण्याआधी एवढा हिशेब जरूर करावा.

गावच्या कारभाऱ्यांना आणि तलाठी भाऊसाहेबांनाही दोन शब्द. नैसर्गिक आपत्तीत मदत मिळण्यासाठी पीकनुकसानीची अट केंद्र सरकारने २०१५ साली ५० वरून ३३ टक्क्यांवर आणली. एकरी आठ क्विंटलचे रान पाच क्विंटलवर आले, तर तीन क्विंटलचे नुकसान भागायचे आठाने : साडेसदतीस टक्के. सहा क्विंटल आले तर पंचवीस टक्के. नजरेच्या अंदाजाने 'तीस' लिहून मोकळे होणे सोपे असते. पण तीस आणि पस्तीस यांच्या मधल्या फटीत एखाद्याचे वर्ष बुडते. म्हणून पंचनाम्यावर नुसता टक्का नको, तो ज्या आकड्यांवरून काढला तेही लिहावेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. उत्पन्न चार लाख असेल, तर ती रक्कम वीस हजार होते. ग्रामसभेत 'पाच टक्के खर्च केले' असे वाचून दाखवू नये, रुपये सांगावेत.

आमची मागणी साधी आहे. बाजार समिती, सोसायटी, पतसंस्था, जिथे जिथे टक्का लिहिला जातो, तिथे शेजारी तो कशावर आणि किती मुदतीचा हे लिहावे, आणि रुपयांतला आकडाही द्यावा. फळे आणि भाजीपाल्याची अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. तरीही ती तुमच्या पट्टीवर कापलेली दिसली, तर तिथल्या तिथे विचारा.

हे लिहून मिळेपर्यंत एक करा. प्रत्येक पट्टी घरी आणून सातवी-आठवीतल्या पोरापोरींपुढे ठेवा. त्यांना शाळेत शेकडेवारी शिकवलेली असते. घरच्याच कागदावर तिचा उपयोग होऊ द्या. हिशेब जुळला नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन अडत्याकडे जा. भांडायला नको, फक्त एवढेच विचारायला : शेठ, हा शेकडा कशावर लावला?