सायलेन्सर कापला की जीप पळते? चाळीसगावच्या उन्हात आणि धुळीत हिशेब वेगळा निघतो

जुन्या विलीस जीपसारखी दिसणारी गाडी हौसेने बांधून घ्यायची, मग तिला उघडा ‘कोन’ एअर फिल्टर लावायचा आणि सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकायचा. हौशी मंडळींचा हा ठरलेला क्रम. पिकअप वाढल्यासारखा वाटतो, पण बहुतेक वेळा वाढलेला असतो तो फक्त आवाज.

इंजिन हा हवेचा पंप आहे. महायुद्धातल्या विलीस एमबीचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. ते दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. म्हणजे मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर कागदोपत्री ४,४०० लिटर. जास्त हवा आत आली, तिच्या प्रमाणात पेट्रोल मिळाले आणि जळका वायू पटकन बाहेर पडला, तर ताकद वाढते. इथपर्यंत हौशी माणसाचे बरोबरच आहे.

गडबड पुढे होते. बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर रेडिएटर आणि एक्झॉस्टने तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ७० अंश धरले, तर ती हवा जवळपास ९ टक्के विरळ असते. फिल्टरने जे कमावले ते उन्हानेच खाल्ले! त्यापेक्षा पुढच्या जाळीजवळून गार हवा आणणारा साधा बंद पाइप स्वस्त पडतो आणि कामही करतो.

दुसरा शत्रू धूळ. जुन्या ट्रॅक्टरवरचा तेलाचा फिल्टर, म्हणजे ‘ऑइल बाथ’, खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. तो दिसायला ओबडधोबड, पण शेतरस्त्यावरची बारीक धूळ धरून ठेवतो. हलक्या दर्जाच्या कोनमधून ती आत गेली की तेलात मिसळून रिंगा आणि सिलिंडर घासते. काही महिन्यांत इंजिन तेल खायला लागते, निळा धूर सुरू होतो.

कार्बोरेटर असेल तर हवा वाढवून जेट तोच ठेवणे ही सर्वांत महागडी चूक. मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळू शकतात. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना, खालच्या गिअरमध्ये, हे लवकर कळते. तिथेच जाड सरळ पाइपचाही तोटा दिसतो. पाइप गरजेपेक्षा जाड झाला की वायूचा वेग पडतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. घाटाला तर तीच ओढ लागते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल रोखते. नियमबाह्य बदलासाठी २०१९च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो, वर तीन महिने परवाना अपात्र. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीपसारखी गाडी बनवली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले, पण नियमात न बसल्याने ती कधीतरी रोखली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. हौशी कारागिरासाठी परवानगीची सोपी वाट हवी, ही मागणी रास्तच आहे. मात्र रात्री दोन गल्ल्या जागवणाऱ्या पाइपामुळे ती मांडणाऱ्याचीच बाजू कमजोर होते.

म्हणून सायलेन्सर जागेवर राहू द्यावा. गळके गॅस्केट बदलावे, पाइपची तीव्र वळणे सौम्य करून घ्यावीत, हवा बाहेरून आणावी. मग घाट चढून आल्यावर, इंजिन निवले की, स्पार्क प्लग काढून बघावा. टोक पांढरे पडले असेल तर मोठा जेट लागेल, काजळी असेल तर लहान. फिकट तपकिरी असेल तर पाना पेटीत ठेवायला हरकत नाही.